पालथे पान

वेलसावंगीच्या पानमळ्यांकडे जाणारी वाट तलावाच्या पाळीवरून जाते. पाळ संपते तिथे एक पिंपळ आहे आणि पिंपळाखाली एक लांबट काळा दगड, पिढ्यान्‌पिढ्या माणसे बसून गुळगुळीत झालेला. पाहुणे सरळ मळ्यात शिरायला निघतात. त्यांना थांबवून चपला काढायला सांगावे लागते, कारण नागवेलीच्या मळ्यात पायताण चालत नाही. चपला काढायला वाकले की त्यांची नजर तलावापलीकडच्या टेकडीवर जाते. टेकडी उघडीबोडकी आहे, तिच्यावर गवतसुद्धा धड उगवत नाही. फक्त वरच्या अंगाला, एका खडकाच्या पोटाशी, हिरवा ठिपका दिसतो. ती बयनाची वेल.

त्या वेलीचे पान कोणी विकत नाही. मागितले तर मिळत नाही, आणि चोरून तोडायची गावात कोणाची छाती नाही. पाहुण्यांनी कारण विचारले की गावातले जाणते गोमाजीबुवा त्यांना दगडावर नव्हे, खाली जमिनीवर बसवतात. दगड बैठकीच्या दिवशीच वापरायचा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सगळे मळेकरी इथे जमतात आणि वर्षाचे ठरवतात. कोणते बेणे लावायचे, कोणत्या बाजाराला पान पाठवायचे, वेल आधारावरून उतरवून पुन्हा मातीत कधी दाबायची. ठरले की तबक फिरते. ज्याला पटले तो त्यातले पान सुपारीसह उचलून तोंडात टाकतो. पण तबकातले एक तरी पान कोणीतरी पालथे घातल्याशिवाय बाकीच्यांनी खायचे नाही, अशी इथली रीत आहे. जगात सगळीकडे माणसे होकारासाठी ताटकळतात. वेलसावंगी नकारासाठी ताटकळते.

ही रीत उकंडा बारी आणि त्याची मुलगी बयना यांच्यापासून पडली, असे सांगतात.

त्या काळी आगगाडी नव्हती, पान बैलगाडीने जाई. सगळ्या गावात एकच वेल होती, कपुरी. पोपटी, पातळ, जिभेवर ठेवले की विरघळणारे पान. बेणे सगळ्यांनी गावचा म्होरक्या असलेल्या महाजनाच्या मळ्यातूनच न्यायचे, खुडणी एकाच दिवशी करायची आणि टोपल्या महाजनाच्याच गाड्यांतून, एकाच खुणेने पाठवायच्या. हे नियम ऐकून आजचे शिकलेले पाहुणे हसतात. गोमाजीबुवा त्यांना हसू देत नाहीत. त्याआधी म्हणे एकेकटा मळेकरी डोक्यावर टोपली घेऊन बाजारात जाई. व्यापारी पान हातात घेऊन नाक मुरडत आणि त्याला ऊन चढेपर्यंत खोळंबून ठेवत. दुपार झाली की पान माना टाकते, हे त्यांना पक्के ठाऊक असे. मग ते मातीमोलाने उचलत. उकंडाच्या वेळचा महाजन झामाजी, त्याच्या आजाने सगळ्यांना एका दोरीत बांधले तेव्हा कुठे गावाच्या चुली नीट पेटू लागल्या. एक गाव, एक पान. या शब्दांवर माणसे जगली होती.

उकंडा या गावातला लहानसा मळेकरी. त्याच्याआधीची भावंडे जगली नाहीत, म्हणून आईने त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून परत उचलले आणि तेच नाव दिले. मरणाच्या दारातून आलेले पोर म्हणून ते लाडावले असावे. कोणी ‘हो म्हण’ म्हटले की हा आधी ‘कायले?’ म्हणायचा. भांडखोर नव्हता. पण चारचौघांत मान हलवायला त्याला नेहमी उशीर लागायचा, आणि तेवढा उशीरही लोकांच्या डोळ्यांवर येई. बायको वारलेली होती. घरात तो आणि लग्नाची मुलगी बयना, एवढीच माणसे. बयनाची सुपारी फुटली होती, दिवाळीनंतर लग्न धरायचे ठरत होते.

दरवर्षी वेल उतरवताना उकंडाच्या लक्षात एक गोष्ट येत होती. कपुरीची पेरे जवळ जवळ येऊ लागली होती. पान बोटाबोटाने लहान होत होते. मुळाशी उकरले तर आंबूस वास येई. सगळ्या गावाची वेल एकाच जुन्या वेलीच्या पोटची. एकीला खोकला झाला तर सगळ्यांच्या घरात शिरणार, असे त्याच्या मनाने घेतले. तो हे दोघातिघांशी बोलला. ते म्हणाले, महाजनाला काय ते कळत नसेल?

त्या वर्षी तो गाड्यांबरोबर दूरच्या बाजाराला गेला आणि तिथे त्याने काळे पान पाहिले. जाड, तिखट, गर्द हिरवे, काळेच म्हणावे असे. सकाळी खुडलेले ते पान दुसऱ्या दिवशीही ताठ होते. उकंडाने त्या मळेकऱ्याचे पाय धरले तेव्हा त्याने केळीच्या सोपटात गुंडाळून थोडे बेणे दिले आणि वर बजावले, “गड्या, हे पान रांगडं आहे, पण याला गारठा सोसत नाही. निम्म्या मळ्याच्या वर लावू नकोस.”

श्रावणात बैठक बसली. तबक उकंडापुढे आले तेव्हा त्याने हात आखडता घेतला.

“मी निम्मा मळा काळा लावतो, जी,” तो म्हणाला. “निम्म्यात कपुरीच ठेवतो. बुडालं तं माह्यं बुडंल.”

झामाजी महाजन शांत माणूस होता. तो ओरडला नाही. “तुह्यं बुडालं तं तुह्यं, हे खरं. अन् तरलं तं? उद्या दुसरा अजून वेगळं लावंल, परवा तिसरा. मंग व्यापारी आपल्याले पुन्हा एकेकट्याले गाठतीन. माह्या आज्यानं काय पाह्यलं होतं, तुले मालूम हाय ना?”

महाजन खोटे बोलत नव्हता. उकंडालाही ते कळत होते आणि तिथेच त्याची पंचाईत होती. समोरचा मूर्ख असता तर नाही म्हणणे सोपे गेले असते. सगळे त्याच्या हाताकडे पाहत होते. त्याने पानावरचे सुपारीचे खांड बाजूला ठेवले, पान उचलले आणि शिरांची बाजू वर करून पालथे घातले. मग तो उठून घरी गेला.

गावाने त्याचे पान बंद केले. कोणी त्याच्या दारचा विडा घेईना, कोणी त्याला आपल्या दारचा देईना. पान बंद म्हणजे लग्नाचे आमंत्रण बंद, मयतीचा खांदा बंद, मळ्यावरची मजुरी बंद. बयनाच्या सासरचे तर दुसऱ्या गावचे, पण त्यांनाही पान वेलसावंगीचेच लागायचे. त्यांनी नेसवलेले लुगडे परत मागवले. बयनाने ते स्वतः घडी घालून दिले. बाप दारात बसून होता.

मजूर येईनात तेव्हा उकंडाने दुसरी रीत मोडली. नागवेलीच्या मळ्यात बाईचे पाऊल पडू देत नसत, वेल विटाळते म्हणून. त्याने बयनाला मळ्यात नेले. ती वेल आधाराच्या शेवरीला बांधायला शिकली, मुळांना गार माती द्यायला शिकली, पानाच्या पाठीवरून हात फिरवून आतला रोग ओळखायला शिकली. मुळात तिचा हात त्याच्याहून हलका होता. लोक पाळीवरून जाताना थुंकून जात.

उकंडा शूर होता असे कोणी समजू नये. तो घाबरला होता. सकाळी उठला की आधी वेल जिवंत आहे का ते पाही आणि मग तोंड धुई. एकदा तर तो विळा घेऊनच मळ्यात गेला, काळी वेल कापावी आणि महाजनाच्या पायावर डोके ठेवावे म्हणून. बयना वाटेत उभी राहिली.

“बाबा, आता कापसान तं दोन्हीकडून जाऊ,” ती म्हणाली. “माह्यं लुगडं तं गेलं. आता वेल तरी राहू द्या.”

त्याने विळा खाली ठेवला. ती नसती तर पुढचे काहीच झाले नसते, हे गोमाजीबुवा इथे थांबून सांगतात.

पुढच्या पावसाळ्यात मर आली. आधी महाजनाच्या मळ्यात, मग शेजारी, मग सगळीकडे. मुळे कुजली आणि हिरव्यागार वेली सापाने कात टाकावी तशा शेवरीवरून गळून पडल्या. बायकांनी नागोबाला दूध वाहिले, पुरुषांनी राख टाकली, चुना टाकला. काही उपयोग झाला नाही. उकंडाच्याही निम्म्या मळ्यातली कपुरी गेली. कोपऱ्यात बयनाच्या हाताखालच्या मोजक्या वेली तेवढ्या वाचल्या. पण काळी वेल जशीच्या तशी उभी होती. पूर्ण गावात तेवढाच हिरवा तुकडा.

एके सकाळी झामाजी महाजन त्याच्या दारात आला. अनवाणी आला होता, डोक्यावर पागोटे नव्हते. मागे सगळे गाव. महाजनाने हातातले तबक उकंडाच्या पायाशी ठेवले.

“मी चुकलो, उकंडा. माह्या हातानं गाव बुडालं. आता तूच महाजन. तू म्हणशीन तसं.”

एका वर्षात कोणी त्याच्याशी धड बोलले नव्हते. आणि आता जे थुंकले होते तेच हात जोडून उभे होते. त्याने सूड घेतला नाही. त्याने प्रत्येकाला काळ्या वेलीचे बेणे दिले, फुकट दिले. बेणे कसे लावायचे हे दारोदार जाऊन शिकवले. वर्ष-दोन वर्षांत गाव सावरले, आधीपेक्षा वर आले. काळे पान लांबच्या बाजारालाही पोचे, कोमेजत नसे. गाड्या वाढल्या. उकंडाच्या घरावर कौले चढली. मजूर मिळू लागले, तसे त्याने बयनाला सांगितले की आता मळ्यात येऊ नकोस, लोक नावे ठेवतात. ती कोपऱ्यातल्या आपल्या कपुरीच्या वेलींना तेवढे कुंपणाबाहेरून पाणी घालायची.

इथून गोष्ट बिघडते.

तिसऱ्या श्रावणातल्या बैठकीत कोणीतरी म्हणाले की कुठे कुठे मेल्या कपुरीचे खुंट उरले आहेत, रोग त्यांच्यातच आहे, ते उपटून टाकावे आणि बांधापासून बांधापर्यंत काळेच लावावे. सगळ्यांनी माना हलवल्या आणि उकंडाकडे पाहिले. त्याला त्या दूरच्या मळेकऱ्याचे बोलणे आठवले. निम्म्याच्या वर लावू नकोस, याला गारठा सोसत नाही. शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण समोर इतके चेहरे होते, इतके भरवशाचे, आणि महाजनाने कचरलेले दिसावे हे त्याला बरे वाटेना. कोणी विचारले असते तर त्याने सांगितले असते. त्याने वाट पाहिली. तबक फिरले. एकाही हाताने पान पालथे घातले नाही, आणि, हे गोमाजीबुवा दोनदा सांगतात, उकंडाला सुटल्यासारखे वाटले. त्याने आपले पान खाल्ले.

घरी जेवण झाल्यावर बयनाने रोजच्यासारखे त्याच्यापुढे पान ठेवले. ते पालथे होते. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती आणि गारठ्याची गोष्ट तिला त्यानेच कधीकाळी सांगितली होती. उकंडाने पान उलटून सरळ केले, चुना लावला आणि खाल्ले.

“कोपऱ्यातल्या वेली उद्या उपटून टाकजो,” तो म्हणाला. “महाजनाच्याच घरी कपुरी राह्यली तं लोक काय म्हणतीन?”

तिने वेली उपटल्या, पण मुळांसकट, मातीसकट. टोपलीत घालून ती त्या उघड्या टेकडीवर गेली. तिथे उन्हाकडे तोंड केलेला एक खडक होता, दिवसभर तापायचा आणि सूर्य बुडाल्यावरही कोमट राहायचा. त्याच्या पोटाशी तिने त्या लावल्या. तलावातून घागरीने पाणी वाहायची. गावाने महाजनाला विचारले, पोरीने बैठकीचा शब्द मोडला, आता काय करायचे? उकंडा म्हणाला, “रीत ते रीत.” त्याच्याच तोंडून बयनाचे पान बंद झाले. ती घरातून निघाली, टेकडीवर खोपटे बांधून राहिली. टेंभरं, चारं अशी रानफळे गोळा करून पलीकडच्या बाजारात विकायची आणि पोट भरायची. वेलीचे पान मात्र एकदाही विकले नाही.

त्या पौषात असा गारठा पडला की तलावाच्या काठचे पाणी काचेसारखे दिसू लागले. लोकांनी मळ्याच्या कडेने शेकोट्या पेटवल्या, पडदे लावले, पण माणसे किती आणि मळे किती. एका सकाळी लोक मळ्यात गेले तर बांधापासून बांधापर्यंत पाने उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती. एकही मळा वाचला नाही. वाचायला दुसरे काही लावलेलेच नव्हते.

उकंडा पिंपळाखाली येऊन बसला. लोक येतील, शिव्या देतील, तबक अंगावर फेकतील याची तो वाट पाहत होता. त्याला ते हवे होते. लोक आले, बसले. मग एकाने विचारले, “महाजन, आता काय करायचं?”

“तुमी माह्यावर रागावले नाई?” उकंडाने विचारले.

“रागावून कसं चालंल, जी? तुमी सांगसान तसं करू.”

पान बंद झाले तेव्हाही तो इतका एकटा पडला नव्हता. तेव्हा निदान समोर विरोधात माणसे होती.

तो टेकडीवर गेला. खडकाच्या पोटाशी कपुरी उभी होती. टोके करपली होती, पण पेरापेरातून हिरवे कोंब दिसत होते. खडकाने दिवसाचे ऊन तिच्यासाठी धरून ठेवले होते, आणि उरलेले काम बयनाच्या गोधडीने केले होते. गोधडी अजून वेलीवरच होती. पोरगी स्वतः पोते पांघरून बसली होती आणि तिचे ओठ फुटले होते. उकंडा तिच्यासमोर बसला. तिने त्याला पाणी दिले.

“बयना, गावाले बेणं दे,” तो म्हणाला.

“देतो, बाबा. पण कोणाले देऊ?” ती म्हणाली. “उद्या तुमी म्हणसान का उपटा, तं उपटतीन. तुमच्याजवळ काळी वेल होती तवा सगळ्यांनी डोळे मिटून तेच लावलं, आता हिचं तेच होईन. गावातला एक हात तरी थांबला पाह्यजे. तोवर बेणं नाई.”

तो उठला. ती पुन्हा बोलली, आणि हे शब्द गावात सगळ्यांना पाठ आहेत. “बाबा, तुमी एकटे होते तवा मी तुमच्या मांगं उभी होती. मी एकटी होती तवा तुमी कुठं होते?”

उकंडा उतरून गावात आला आणि बैठक बोलावली. नागपंचमीची वाट पाहायला वेळ नव्हता. पानमळ्यांच्या या गावात त्या दिवशी तबकातली पानेसुद्धा परगावच्या बाजारातून विकत आणावी लागली होती. बयनाची अट त्याने कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर सगळ्यांनी मिळून नाही म्हटले असते, आणि तेही त्याच्याच सांगण्यावरून.

तो दगडावर बसला आणि म्हणाला, “टेकडीवर पोरीनं वेल लपवली, म्हणून नागोबा कोपला. उद्या सगळ्यांनी मिळून ती उपटून जाळायची. मंग बाहेरून पुन्हा काळंच बेणं आणायचं.”

गावात उरलेली एकुलती एक जिवंत वेल जाळायची, असे तो सांगत होता. कोणी तरी उठावे. कोणी तरी म्हणावे, महाजन, तुम्हाला वेड लागले. तबक फिरू लागले. पहिल्याने पान उचलले. दुसऱ्याने उचलले. बयनाला अंगाखांद्यावर खेळवलेला शेजारी होता, त्यानेही खाली मान घालून उचलले. उकंडा प्रत्येक हाताकडे पाहत होता आणि प्रत्येक हाताबरोबर त्याची पोर त्याच्यापासून लांब जात होती. तबकात पाने कमी कमी होत गेली. त्याला वाटले, संपले. आपण गाव घडवले ते असे घडवले.

तबक शेवटच्या माणसापुढे आले. जुना महाजन झामाजी. म्हातारा आता सगळ्यांच्या मागे बसायचा. एक गाव, एक पान ही त्याच्या आजाची शपथ होती आणि जन्मभर त्याने ती पाळली होती. पान बंद करणे म्हणजे काय हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते, कारण त्यानेच ते केले होते. चूक कबूल केल्यावर गावाने त्याला कसेबसे सांभाळून घेतले होते. तेवढेच त्याच्याजवळ उरले होते. त्याने हात पुढे केला. हात थरथरत होता. सुपारीचे खांड त्याच्या बोटांतून निसटून तबकात वाजले. त्याने पान उचलले, आणि सगळ्यांच्या देखत पालथे घातले.

“नाई,” तो म्हणाला. “मले पटत नाई, महाजन. एक डाव मीच गाव बुडवलं. आता पुन्हा पाहू नाई शकत. माह्यं पान बंद करायचं तं करा.”

उकंडा दगडावरून उतरला आणि झामाजीच्या पायांवर पडून लहान पोरासारखा रडला. लोकांना काही कळेना. मग त्याने त्यांना सगळे सांगितले. दूरच्या मळेकऱ्याने दिलेला इशारा, आपण गिळलेले शब्द, टेकडीवरची अट. ज्यांनी पाने तोंडात टाकली होती त्यांच्यातल्या काहींनी ती थुंकून टाकली. काहींना तेही सुचले नाही, ते तसेच चघळत बसले.

बयनाने बेणे दिले. पण टेकडीवरून खाली आली नाही. बाप रोज सकाळी घागर घेऊन वर जाई, वेलीला पाणी घाली, आणि ती त्याला घालू देई. त्याच्या हातचा विडा मात्र तिने पुन्हा कधी घेतला नाही. तो म्हातारा होऊन गेला तेव्हा ती खाली उतरली आणि त्याच्या हातात आपल्या वेलीचे एक पान ठेवले. ते सरळ ठेवले की पालथे, याबद्दल गावात दोन मते आहेत, आणि कोणाचे खरे ते ठरवायची कोणी घाई करत नाही.

तेव्हापासून मळ्यात एकच वेल लावत नाहीत. जो पान पालथे घालतो त्याने आपल्या मळ्यात आपल्या मर्जीचे लावावे, आणि बुडाले तर गावाने भरून द्यावे, असे ठरले. बाईच्या पावलाने वेल विटाळते, हेही कोणी पुन्हा बोलले नाही.

आता पाहुण्यांना वाटते की गोष्ट इथे गोड झाली. ते उठून चपला शोधू लागतात. गोमाजीबुवा त्यांना पुन्हा बसवतात. नकाराचीही सवय होते, ते सांगतात. मध्यंतरी गावाने पाळ्या लावल्या होत्या. या साली या घराने पान पालथे घालायचे, पुढल्या साली त्या घराने. ज्याची पाळी तो हसत हसत पान उलटायचा, लोक हसत हसत आपापली पाने खायचे, आणि ठरायचे तेच ठरायचे. म्हातारा झामाजी ज्या दिवशी मरणाच्या भीतीने कापला होता, त्या दिवसाचा खेळ झाला होता.

ते बायकांच्या लक्षात आले. तेव्हापासून बैठकीत त्या पुढे येऊन बसतात. पान कोण पालथे घालतो तिकडे त्या बघत नाहीत, घालताना त्याचा हात भीतीने कापतो की नाही ते बघतात.

आजही नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी काळ्या दगडापुढे तबक फिरते. कोणीतरी पान पालथे घालतो. सगळे गाव श्वास धरून म्हाताऱ्या बायकांकडे पाहते, आणि पुष्कळदा, तलावावरचे ऊन उतरून टेकडीवरची वेल दिसेनाशी होईपर्यंत, एखादी म्हातारी मान हलवून तेच सांगत असते.

“हात कापला नाई. तबक पुन्हा फिरवा.”